डीएमआर आणि एफटी८: पहिल्या दोन महिन्यांच्या नोंदी
चतुर्थीनंतर पावसाचा जोर ओसरला, तेव्हा हौशी रेडिओचा परवाना असलेल्या एका स्नेह्यांबरोबर मी २ मीटर बँडवर रिपीटरविना, म्हणजे मधल्या पुनःप्रक्षेपण केंद्राशिवाय, डीएमआरचे (डिजिटल मोबाइल रेडिओ, आवाज अंकरूपात पाठवण्याची पद्धत) प्रयोग सुरू केले. मी फर्मागुढीच्या पठारावर होतो आणि ते बांबोळीच्या. पहिल्या संध्याकाळी त्यांच्या प्रक्षेपणाबरोबर माझ्या संचावरचा हिरवा दिवा लागत होता, आवाज मात्र उमटत नव्हता. अर्धा तास अँटेना तपासल्यावर कळले की त्यांचा कलर कोड (दोन्ही संचांवर सारखाच असावा लागणारा क्रमांक) १ होता आणि माझा ३.

डीएमआरमध्ये मला सर्वांत अवघड गेली ती कानाची जुनी सवय सोडणे. एफएमवर सिग्नल क्षीण होऊ लागला की खरखर वाढते आणि आपला हात आपोआप अँटेनाकडे जातो. डीएमआरमध्ये व्होकोडर (आवाजाचे बिटांत रूपांतर करणारा भाग) आवाज सेकंदाला २४५० बिटांत बसवतो आणि त्याला चूकदुरुस्तीचे ११५० बिट जोडले जातात. ही दुरुस्ती पुरी पडते तोवर शब्द स्वच्छ ऐकू येतात, आणि ती अपुरी पडली की दोन-चार तुटक अक्षरांनंतर सारे शांत होते. म्हणून आता प्रत्येक नव्या जागी आम्ही आधी एफएमवर खरखर ऐकून सिग्नलचा अंदाज घेतो आणि मगच डिजिटलकडे वळतो.

एफटी८साठी, म्हणजे संगणकाच्या मदतीने छोटे मजकुरी संदेश पाठवण्याच्या पद्धतीसाठी, अंगणातल्या दोन माडांमध्ये २० मीटर बँडचा, सुमारे १० मीटर लांबीचा डायपोल (तारेची अँटेना) बांधला. (परतीच्या पावसात विजा होतात, त्यामुळे दुपारीच केबल काढून ठेवतो.) १४.०७४ मेगाहर्ट्झवर वॉटरफॉल (सिग्नल रेषांच्या रूपात दाखवणारा पडद्यावरचा आलेख) रेषांनी भरला होता, तरी एकही संदेश उलगडेना, कारण लॅपटॉपचे घड्याळ चार सेकंद पुढे होते. एफटी८चे प्रक्षेपण १५ सेकंदांच्या चक्रात १२.६४ सेकंद चालते, त्यामुळे इतका फरक त्याला चालत नाही.

घड्याळ जुळवल्यावर संदेश दिसू लागले, पण माझ्या हाकेला कोणी उत्तर देईना. पॉवर मीटरचा काटा भरपूर वर जात होता आणि त्यामुळेच मी फसलो: लॅपटॉपचा ध्वनिस्तर जास्त असल्याने एएलसी (प्रक्षेपणाची पातळी आपोआप आवरणारे मंडल) काम करू लागले होते आणि जेमतेम ५० हर्ट्झ रुंदीचा माझा सिग्नल विकृत होऊन पसरत होता. एएलसीचा काटा स्थिर होईपर्यंत ध्वनिस्तर उतरवला, तेव्हा शक्ती ३० वॉटवरून २० वर आली, आणि त्याच रात्री इंडोनेशियातून माझ्या सिग्नलचा उणे १४ डेसिबेलचा रिपोर्ट मिळाला.

आता १२०० बॉडच्या एपीआरएसची (स्थान आणि छोटे संदेश रेडिओवरून पॅकेटच्या रूपात पाठवणाऱ्या पद्धतीची) जुळणी सुरू केली असून, फोंडा ते मोले या वाटेवर गाडीतून पाठवलेली पॅकेट घरच्या संचावर कुठपर्यंत उलगडतात हे रविवारी पाहणार आहे.