पाडव्यासारखी मम्मी

शनिवार, 28 मार्च 2026. लेंटचा, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाचा 34वा दिवस, रविवार सोडून.

काल रात्री प्रार्थनेत चिमी जे बोलली ते डोक्यातून जातच नाहीये. रोज तिचं तेच असतं, आजीचे गुडघे, पप्पांची गाडी, परीक्षा, वर्गातल्या कुणाचं तरी मांजर, आमेन. काल मांजर झाल्यावर थांबली आणि म्हणाली, "आणि देवा, मम्मीला परत पाडव्यासारखी कर." आमेन. यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मी मिटूनच बसले होते. आता मिटले होते तर यांनी बघितलं ते मला कसं दिसलं, असो.

पाडव्यासारखी. बरं, पाडवा आपला सणसुद्धा नाही.

यंदा चहा सोडलाय. गेल्या वर्षी गोड सोडलं होतं, त्याच्या आधी मोबाईल (चार दिवस टिकला, ते धरायचं नाही). या वेळी म्हटलं असलं लुटूपुटूचं नको, ज्याच्याशिवाय खरंच जमत नाही ते सोडू. राखेचा बुधवार, लेंटचा पहिला दिवस, 18 फेब्रुवारीला, संध्याकाळी आमच्या चर्चला, पंचहौदला गेलो, वेदीवर जांभळा कपडा, फुलं नाहीत, कपाळावर राख लागली, तू माती आहेस आणि मातीला परत जाशील. अंगावर काटा येतो दरवर्षी. आणि बाहेर पडून कोपऱ्यावर वळलो तर अमृततुल्यवाल्याने आलं ठेचलेलं. माती व्हायला माझी ना नव्हती, पण कपभर घेऊन झाले असते.

पहिला आठवडा नुसतं डोकं दुखलं. दुपारी चार वाजले की कानामागून सुरू व्हायचं. ते गेलं आणि त्याच्या जागी चिडचिड आली ती गेलीच नाही. डबा उघडा राहिला चिडले, पाण्याची बाटली भरली नाही चिडले, यांनी नुसतं "काय झालं" विचारलं तरी चिडले. ऑफिसात दोघींचे रोजे नेमके त्याच दिवसांत होते, दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि दोघी हसून खेळून काम करताहेत, आणि मी पोटभर पोळीभाजी खाऊन फक्त चहा नाही म्हणून प्रिंटरवर हात आपटतेय. एकीने तर मलाच विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

यांचं बरंय. यांनी मटण सोडलंय आणि रविवार उपासात मोजत नाहीत हे यांना बायबलपेक्षा जास्त पाठ आहे. सहा दिवस वरणभात आणि रविवारी असं जेवतात की सहा दिवसांचं वसूल. मी मात्र रविवारीही घेत नाही. का घेत नाही? कुणी सांगितलंय? पंधरवड्यापूर्वी कॉटेज प्रार्थना आमच्याकडे होती, बावीस माणसं, पेटी, तबला, आणि नंतर मी बावीस कप चहा केला, खारी लावली आणि दारात उभी राहून प्रत्येकाला "नाही हो, मी सोडलाय" सांगत होते. पाळकसाहेब "वा" म्हणाले. ते वा मी आठवडाभर पुरवून खाल्लं, हे आज लिहिताना लाज वाटतेय.

आणि मग पाडवा.

शेजारच्या काकूंकडे दरवर्षीसारखं बोलावणं. गुढी बाल्कनीत, साखरेच्या गाठीला मुंग्या लागलेल्या आणि काकू त्यांना फुंकर मारून हाकलत होत्या. पुरी, श्रीखंड झालं. मग चहा आला. मी म्हटलं काकू उपास आहे. तर त्या म्हणाल्या, "अगं मग घे की, चहा उपासाला चालतो." आता काय सांगणार. एकादशीला चहा चालतो, चतुर्थीला चालतो, संकष्टीला तर चहावरच दिवस निघतो, आणि आमच्या लेंटला बाकी सगळं चालतं नि मी नेमका चहाच काढून ठेवलाय. त्या पुढे म्हणाल्या, "तुमचा उपास म्हणजे आमचं रोजचं जेवण गं." खरंच आहे ते. मी हसले, आणि हसता हसता कप उचलला. अर्धा नाही, पूर्ण. बशीत सांडलेला सुद्धा.

सव्विसावा दिवस होता. मोजत होते ना मी.

या पेठांत आणि या चहात काय आहे कळत नाही. 1890च्या ऑक्टोबरात ह्याच पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली आणि ती घेणाऱ्यांना वाळीत टाकायचं म्हणून गावात केवढं ग्रामण्य उठलं, टिळक काय, रानडे काय, शेवटी चहापायी प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण. आता पंचहौदची बाई काकूंचा चहा पिते आणि प्रायश्चित्त तिचं तिलाच शोधायचंय. काकूंना सांगितलं असतं तर पोट धरून हसल्या असत्या.

तर त्या दिवशी घरी आले आणि खरंच सांगते, कसली छान संध्याकाळ गेली. चिमीचा गणिताचा पेपर होता दुसऱ्या दिवशी, अपूर्णांक, मी दोन तास बसले, एकदाही आवाज चढला नाही. पोळीचे तुकडे करून पाव-अर्धा-पाऊण दाखवलं, मग ते तुकडे दोघींनी गूळ लावून खाल्ले. रात्री यांना म्हटलं गाडीची सर्व्हिसिंग जमेल तेव्हा कर, घाई नाही. हे दचकले होते बहुतेक.

म्हणजे सव्वीस दिवसांत मी सगळ्यात चांगली वागले ती ज्या दिवशी नेम मोडला त्या दिवशी. आणि पोरीने नेमका तोच दिवस धरला आणि देवापुढे ठेवला. देवाला तर माहितीच होतं म्हणा.

मला वाईट कशाचं वाटतंय तेच कळत नाहीये. चहा प्यायल्याचं नाही. कुणाला सांगितलं नाही ह्याचं थोडं, पण तेही नाही. एवढं सगळं मी करते, सकाळी साडेपाचला उठते, डबे, ऑफिस, सासूबाईंच्या गोळ्या, वरून उपास, आणि घरातल्या माणसांना मी नकोशी झालीये, असं काल रात्रभर वाटत होतं. उशीत तोंड खुपसून रडले पण थोडी. मग आठवलं, राखेच्या बुधवारी वाचलं होतं तेच, उपास करशील तेव्हा तोंड पाडून बसू नको, डोक्याला तेल लाव, तोंड धू. तेल मी लावते दर शनिवारी. तोंडही धुते. आणि मग त्याच तोंडाने ओरडते.

सकाळी उद्याच्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची तयारी म्हणून हॉल आवरायला काढला. कॅलेंडरच्या मागे गेल्या वर्षीचा झावळीचा क्रूस सापडला, वाळून पिवळा, एक हात तुटलेला, मागे पालीचं अंडं. तो खरं तर राखेसाठी चर्चमध्ये द्यायचा असतो, राहूनच गेला. चिमी म्हणाली चिकटवू या. आम्ही फेव्हिकॉलने हात चिकटवला. वाकडाच बसलाय.

सासूबाई बघत होत्या. त्यांच्या नगरकडे, अमेरिकन मिशनमध्ये, राख-बिख नव्हतीच पूर्वी, त्यांचं सगळं ईस्टरआधीच्या दुःखसप्ताहात, आणि मग गुड फ्रायडेला बारा ते तीन पांढरं पातळ नेसून येशूचे क्रुसावरचे सात उद्गार ऐकायचे, पाणी पण नाही. त्यांनी पांढरं पातळ आजच स्टार्चला काढलंय. मी काय सोडलं काय धरलं ह्यावर चौतीस दिवसांत, म्हणजे रविवार धरून एकोणचाळीस, एक शब्द नाही बोलल्या.

आत्ता हे लिहितेय तर दुपारचे चार. त्यांनी स्वतःचा चहा टाकला, गवती चहा, आलं, वास इथपर्यंत. एक कप माझ्या वहीशेजारी आणून ठेवला, वर बशी झाकून. मी म्हटलं, आई, माझा लेंट आहे ना.

"माहितीये," म्हणाल्या. दारापर्यंत गेल्या, मग वळून, "काकूंचा चहा फार गोड असतो ना गं?"

मी म्हटलं, हो, साखर जरा जास्तच घालतात.