किती लोकर लागेल?

‘एका स्वेटरला किती लोकर लागेल हो?’ आमच्या दुकानाची पायरी चढता चढताच बायका हे विचारतात. नाशिकला रविवार कारंज्याच्या मागच्या अंगाला एका बोळात आमचं लोकरीचं दुकान आहे. सासूबाईंनी ते १९७४ साली सुरू केलं आणि गेली २७ वर्षं तिथे मी बसते. मागच्या आठवड्यात तुमच्यातल्याच एकींनी फोनवर एका स्वेटरचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘असा करायचाय, किती लागेल?’ मी त्यांना दुकानात यायला सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, नुसता आकडा सांगायचा तर दुकानात कशाला यायला हवं? तुम्ही विचारलंत म्हणून आज सविस्तर लिहिते.

आकडा हवा असेल तर आधी तोच घ्या. मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया आणि साधी वीण असेल, तर मोठ्या बाईच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ४५० ग्रॅमच्या आसपास लागते. पुरुषाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला ३०० ते ३५०. बाळाचं झबलं, टोपडं आणि मोजे मिळून १५०. कानटोपी ५० ग्रॅमच्या एका गुंड्यात बसते, घडी मोठी हवी असेल तर दुसरा गुंडा मोडावा लागतो. वीण वेणीची असेल तर चौथाई भाग तरी जास्त धरा, कारण वेणी कापडाला आत ओढते आणि रुंदी भरायला टाके जास्त घालावे लागतात. जाळीची असेल तर कमी.

आता हे आकडे मी फोनवर का सांगत नाही ते ऐका.

दोघींना एकच लोकर, एकच सुई आणि एकच वीण दिली तरी दोघींचे स्वेटर एका मापाचे होत नाहीत. एकीचा हात घट्ट असतो, एकीचा सैल. समजा ३६ छातीचं माप आहे आणि अंगाला थोडा मोकळा हवा म्हणून आपण ३८ इंच धरले. म्हणजे पुढचा भाग १९ इंच. तुमचे इंचाला साडेपाच टाके बसत असतील तर १०४ टाके घालायचे. पण हात सैल असला आणि इंचाला पाचच बसले, तर तेच १०४ टाके २१ इंचांच्या जवळ जातात. पुढे जवळजवळ दोन इंच, मागे तेवढेच. स्वेटर साडेतीन इंचांनी मोठा झाला, तोही इंचामागे अर्ध्या टाक्याच्या फरकाने. आणि मोठ्या टाक्यांनी लोकरही जास्त खाल्लेली असते.

सासूबाई हे गणित कागदावर करत नसत. दुकानात दाराशी एक लाकडी बाक आहे. नवी बाई आली की त्या तिला तिथे बसवायच्या, हातात सुया द्यायच्या आणि म्हणायच्या, ‘वीस टाके घाल, चार सुया वीण.’ (आमच्याकडे ओळीला सुईच म्हणतात, एक सुई सुलट, एक सुई उलट.) ती विणत असताना त्या तिच्या हाताकडे बघायच्या, पट्टी लावायच्या आणि औंसांत आकडा सांगायच्या. त्यांच्या तरुणपणी लोकर औंसावर मिळायची, औंसाचा गुंडा २८ ग्रॅमचा. पुढे गुंड्यांवर ग्रॅम छापून येऊ लागले तरी त्यांच्या तोंडी ‘बारा औंस घे’ हेच राहिलं. त्यांचा अंदाज क्वचितच चुकलेला मी पाहिला. मला तो हात अजून साधलेला नाही, म्हणून मी चौकोनी नमुना विणायला लावते. दहा सेंटिमीटरांपेक्षा थोडा मोठाच विणा, धुवा, वाळवा आणि कडेचे टाके सोडून मधले मोजा. न धुता मोजलेलं माप खरं नसतं.

सुयांच्या नंबरांनीही पुष्कळ घोटाळा होतो. आपल्याकडे जुनी विलायती पद्धत चालते, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. अमेरिकेत बरोबर उलटं आहे. तिथली ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, म्हणजे आपली ८. आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची, म्हणजे आपली ६. लेक-सून न्यू जर्सीला असलेल्या बायका तिकडून आलेला नमुना घेऊन येतात, त्यात ८ लिहिलेलं असतं, घरी ८ नंबरच्या सुया असतातच, आणि मग नातवाचा स्वेटर बाहुलीचा होतो. सुईवर मिलिमीटर छापलेले असतात, तेवढेच बघत जा.

पण हात आणि सुई कळली तरी मी विचारतेच, कोणासाठी विणताय? यात चौकशीचा भाग नाही. त्यावर लोकर कुठली द्यायची ते ठरतं.

आपण लोकरीचं दुकान म्हणतो, पण फळ्यांवरचा बहुतेक माल लुधियानाहून येणारा अ‍ॅक्रिलिकचा असतो. त्यात कमीपणा काही नाही. बाळाच्या कपड्यांना मी तोच देते. तो रोज धुता येतो, त्याला कसर लागत नाही, वजनाला हलका असतो आणि बाळाच्या अंगाला टोचत नाही. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढ्यांची लोकर याच्या अगदी दुसऱ्या टोकाची, राठ आणि काळी. घोंगडीला तिच्यासारखी दुसरी नाही. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊसही अंगावर घेते. मात्र सुईवर चढवून गळ्याशी घालायला ती चालत नाही.

आमचं बरंच गिऱ्हाईक निफाडकडचं. डिसेंबर-जानेवारीत तिकडे पारा पार खाली जातो आणि द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर गारठ्याने मणी तडकतात. घरातले पुरुष पहाटेपर्यंत आगीजवळ असतात. त्यांच्यासाठी विणायचं असेल तर मी अ‍ॅक्रिलिक देत नाही. अ‍ॅक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मेंढीच्या खऱ्या लोकरीवर पडली तर तेवढी जागा जळते, राख होते आणि बहुतेक वेळा तिथेच विझते. खरी लोकर महाग पडते, जास्तही लागते, तिला कडुनिंबाचा पाला नाहीतर डांबराच्या गोळ्या घालून जपावं लागतं. तरीही तीच घ्या. दुकानदारीसाठी म्हणत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांना मी खऱ्या लोकरीचा बिनबाह्यांचा करायला सांगते, पण अ‍ॅक्रिलिक मिसळलेल्या लोकरीचा पूर्ण बाह्यांचा नको.

सासूबाई चौदा वर्षांच्या होत्या तेव्हा १९६२ चं युद्ध झालं. गावोगावी बायका-मुली हिमालयातल्या जवानांसाठी स्वेटर, मफलर विणत होत्या, त्यांच्या शाळेतही विणायला दिलं. त्यांनी बाईंना विचारलं, ज्याला बघितलंच नाही त्याला किती लोकर लागेल? बाई म्हणाल्या, वडिलांच्या मापाने विण. त्यांचे वडील उंच होते, म्हणून त्यांनी मफलर हातभर जास्त लांब केला आणि वर्गात सगळ्यात शेवटी दिला. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली आहे की त्या मफलरचा खाकी रंग मला डोळ्यांपुढे दिसतो.

फौजेवरून आठवलं. देवळालीला तोफखान्याचं केंद्र असल्यामुळे देशभरातल्या फौजींच्या बायका आमच्याकडे येतात. विणकामाचं माझं निम्मं शिक्षण त्यांच्याकडे झालं. हिमाचलची एक होती, काखेत गुंडा धरून उभ्या उभ्या विणायची, बोलता बोलता, सुईकडे न बघता. ती पट्टी कधी वापरायची नाही, सगळं वितीवर. तिची बदली झाली त्या दिवशी जाताना तिने माझ्या मुलीच्या हाताची वीत मोजली, आणि दोन महिन्यांनी टपालाने हातमोजे आले. चपखल बसले.

आता लॉटबद्दल, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीबद्दल. हे नीट वाचा, कारण यातली चूक माझी आहे.

मी नवीन होते. निफाडजवळच्या एका गावाहून एक वहिनी एसटीने आल्या, मुलीच्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला जावयासाठी स्वेटर करायचा होता. रंग जांभळट लाल. मी झटकन ४५० सांगितलं. वेणीची वीण आहे हे विचारलंच नाही. डिसेंबरच्या शेवटी त्या परत आल्या तेव्हा अर्धी बाही राहिली होती. त्याच रंगाचा गुंडा दुकानात होता, पण लॉट दुसरा. रंगाचा प्रत्येक घाणा वेगळा पडतो. गुंडा शेजारी धरला तर फरक दिसत नाही, बाहीवर चढवला की मनगटापासून कोपरापर्यंत डाग पडल्यासारखा दिसतो. त्यांनी बाही समोर धरली आणि काही बोलल्या नाहीत. मला रडू आलं.

सासूबाई आतून आल्या. त्यांनी स्वेटर उलटा धरला, खालच्या बॉर्डरच्या लगेच वरचा एक टाका कात्रीने कापला आणि धागा ओढत ओढत सगळे टाके एकेक करून सुईवर उचलले. बॉर्डर अख्खी सुटून हातात आली. पाठीची, पुढची आणि झालेल्या बाहीची, अशा तीन बॉर्डरी त्यांनी सोडवून उसवल्या. निघालेली कुरळी लोकर वाफेवर धरून सरळ केली आणि तिच्यातून राहिलेली अर्धी बाही पुरी झाली. मग सगळ्या बॉर्डरी आणि गळा नव्या लॉटच्या लोकरीने वरून खाली विणल्या. बॉर्डरीची वीणच वेगळी, एक टाका सुलट एक टाका उलट, त्यामुळे तिच्यावर उजेड वेगळा पडतो आणि रंगातला फरक मुद्दाम केल्यासारखा वाटतो. त्या वहिनींनी दुकानातच मुक्काम केल्यासारखे दोन दिवस बसून ते काम उरकलं. संध्याकाळची शेवटची एसटी पकडायच्या. सासूबाई मला रागावल्या नाहीत. रात्री हिशेबाच्या वहीत त्यांनी फक्त त्या नव्या गुंड्यांचे पैसे आमच्या खात्यावर लिहिले.

तेव्हापासून दुकानात एक कप्पा राखून ठेवलेला आहे. तुम्ही लोकर घेतलीत की त्याच लॉटचे दोन-तीन गुंडे तुमच्या नावाची चिठ्ठी लावून तिथे ठेवते. गुंडे लागले तर पैसे द्यायचे, नाही लागले तर कळवायचं. सहा महिने थांबते. काही चिठ्ठ्यांना सहा महिने होऊन जातात, तरी मला ते गुंडे फळीवर मांडवत नाहीत.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत एक बाई आल्या. त्यांनी दिवाळीच्या सुमारास यजमानांसाठी राखाडी लोकर नेली होती, दहातले सहा गुंडे नेले आणि चार कप्प्यात. यजमान डिसेंबरात गेले हे मला कळलं होतं. वाटलं, परत करायला आल्या असतील, आणि मी पैसे मोजायलाही लागले. त्यांनी पिशवीतून मुंड्यापर्यंत विणलेली पाठ काढली, २१ इंचांची, आणि विचारलं, ‘हा मला करायचा झाला तर आता किती लोकर लागेल?’

त्या बारीक अंगाच्या, छाती ३६. ती पाठ त्यांना फार रुंद होती. उसवून पुन्हा घालूया, असं मी म्हणणार तोच त्या म्हणाल्या, ‘हे उसवायचं नाही.’ मग आम्ही दोघी बाकावर बसलो. एकूण ३८ इंच हवेत, त्यातले २१ पाठीत आहेत, म्हणजे पुढचे दोन्ही भाग मिळून १७ चे करायचे. शिवण काखेच्या बरोबर खाली न येता इंचभर पुढे येईल, एवढंच. मुंड्याला टाके थोडे जास्त घटवले की खांदा त्यांच्या मापाला येतो. समोर बटणपट्टी. चारांतले दोन गुंडे लागतील असा माझा अंदाज होता. त्यांनी चारही नेले.

मार्चमध्ये त्या तो घालून आल्या होत्या. उन्हं तापायला लागली होती, तरी घालून आल्या. पाठीमागून बघितलं तर शिवण कुठे पुढे सरकली आहे ते मलाही कळलं नसतं.

तर फोटो पाठवणाऱ्या ताई, तुमच्या स्वेटरची वीण वेणीची आहे आणि गळ्याशी साबुदाण्यासारख्या दाणेदार विणीची पट्टी आहे, एवढं फोटोत दिसतंय. बाकीचं दिसत नाही. येताना ज्यांच्यासाठी करायचाय त्यांचा अंगाला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर घेऊन या, म्हणजे मापं त्याच्यावरून घेता येतील. तुमच्या रोजच्या सुयाही आणा, माझ्या नकोत. दुपारी तीननंतर गर्दी कमी असते. बाकावर बसून वीस टाके घाला, मग मी आकडा सांगते.