तुम्ही विचारलंत म्हणून : ट्राउटसाठी कुठं जायचं?

लग्नाच्या पंगतीत, सकाळी टेकडीवर, परवा तर दाढ काढायला गेलो तेव्हा दवाखान्याच्या बाकावरसुद्धा, मला एकच प्रश्न विचारला गेला. "तुम्ही ते ट्राउट का काय मासे पकडायला हिमालयात जाता म्हणे? पुढच्या वर्षी मीही रिटायर होतोय. सांगा की, कुठं कुठं जाता येईल?"

विचारणाऱ्याला यादी हवी असते. मी उलट विचारतो, "गुडघे कसे आहेत?" माणूस हसतो. मी मात्र गंभीर असतो.

माझं बालपण मालवणजवळच्या एका खाडीकाठचं. शाळा सुटली की गरवायला जायचं. काठी बांबूची, गरीला कोळंबीचा तुकडा, पदरात पडली तर शेंगटी, नशीब असलं तर तांबोशी. पुढे चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली. त्यातली निम्मी नदीचा विसर्ग मोजण्यात गेली, उरलेली ती अडवण्यात. निवृत्त झालो तेव्हा एवढंच ठरवलं होतं की आता वाहत्या पाण्याजवळ जायचं आणि त्याचं काही करायचं नाही. फ्लाय फिशिंग म्हणजे जवळपास हेच.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे गरीला शिसं बांधतात. ते शिसं दोरा ओढत नेतं. इथं उलटं असतं. गळ म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून बनवलेला खोटा किडा, त्याला वजन जवळजवळ नाही. वजन असतं ते दोरीला. जाड, गुळगुळीत दोरी हवेत मागे-पुढे झुलवून पुढे सोडायची, म्हणजे तिच्या शेवटाला बांधलेला तो किडा पाण्यावर पाचोळ्यासारखा उतरतो. उतरल्यावर तो पाण्याच्याच वेगानं वाहिला पाहिजे. दोरीनं त्याला जरा जरी ओढलं तरी ट्राउट ओळखतो आणि तोंड फिरवतो. दोरी झुलवायला मला दोन वर्षं लागली, पण पाणी कुठं धावतंय आणि कुठं रेंगाळतंय हे मला पहिल्या दिवशी कळत होतं. जोराची धार आणि संथ पाणी जिथं एकमेकांना घासतं तिथं ट्राउट उभा असतो. त्याला तिथं पोहायचे कष्ट नाहीत आणि खाणं शेजारून वाहत जातं. सरकारी नोकरीत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे तत्त्व समजायला वेळ लागत नाही.

तर गुडघे. नदीत उभं राहावं लागतं, आणि पहाडी नदीचे गोटे शेवाळलेल्या घाटपायरीसारखे असतात. विसर्ग मोजणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. पाण्याची खोली फुटांत घ्या, वेग सेकंदाला किती फूट ते घ्या, दोहोंचा गुणाकार करा. दहा भरला तर पाय घालायचा नाही. वेग काढायला काही लागत नाही. वाळकं पान सोडायचं आणि दहा फूट जायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. साठीच्या पुढच्या माणसाला मी दहाऐवजी पाच सांगतो. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझ्या उजव्या कोपराचा आहे. पहिल्याच वर्षी मांडीभर पाण्यात "अजून दोन पावलं" म्हणून गेलो आणि आडवा झालो. सोबतच्या पोरानं कॉलर धरली म्हणून हे लिहितोय. "अंकल जी, बस, और आगे नहीं," असं तो आधी दोनदा म्हणाला होता. तेव्हापासून हातात तिसरा पाय म्हणून काठी असते.

ही गोष्ट तीर्थन नदीची. जागेबद्दल विचारलं की मी आधी तिचंच नाव घेतो. हिमाचलात मंडीहून कुल्लूकडे जाताना औटच्या बोगद्यापाशी बंजारचा रस्ता फुटतो. बंजारच्या पुढे नागिनी, गुशैणी ही गावं नदीला चिकटून आहेत. वरच्या अंगाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क आहे. २०१४मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. म्हणजे पाणी जंगलातून येतं, आणि त्या पाण्यावर मोठं धरण नाही. शेजारच्या सैंज खोऱ्यात वीज प्रकल्प झाले, खाली लारजीला १२६ मेगावॅटचा आहे. तीर्थनवर मात्र लोकांनी भांडून ते होऊ दिले नाहीत. धरणांवर पोट भरलेला माणूस हे वाचून खूश होतो, याला काय म्हणायचं ते म्हणा.

तिथं मिळतो तो मुख्यतः ब्राउन ट्राउट. माझा पहिला वीतभर होता. पाठ तपकिरी, बाजूला काळे आणि लाल ठिपके, लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. हात ओला करून धरला, गळ काढला, पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून सोडला. (हो, सोडतोच. "मग जाता कशाला?" हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर पुन्हा कधीतरी.) नागिनीच्या खाली एक मोठा सपाट खडक आहे. त्याच्यावर बसूनही दोरी टाकता येते. ज्या नदीत बसून मासे धरता येतात ती निवृत्तांची नदी, असं मी धरून चालतो.

कधी जायचं, हे कुठं जायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटचं पाणी बंद असतं, कारण थंडीत ब्राउन ट्राउट अंडी घालतो. पावसाळ्यात नदी गढूळ आणि धोक्याची. २०२३च्या जुलैत कुल्लू भागात काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. म्हणजे उरतो मार्च ते जूनची सुरुवात, आणि मग सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. मे महिन्यात आपली शाळेची सुट्टी म्हणून सगळे मे निवडतात. नातवंडं बरोबर असतील तर ठीक. पण मेमध्ये बर्फ वितळत असतं आणि नदीला दिवसाचं वेळापत्रक असतं. पहाटे पाणी सगळ्यात कमी, ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं, आणि ते पाणी दुपारनंतर तुमच्यापाशी पोचतं. सकाळी गुडघाभर असलेल्या जागेतून संध्याकाळी परत येता येत नाही. ऑक्टोबरमध्ये ही भानगड नाही. पाणी नितळ, हवा कोरडी, सफरचंदाचा हंगाम सरत आलेला. परवाना मत्स्य खात्याकडून घ्यायचा, तोही आधी. नदीवर पोचून शोधायला गेलात तर अर्धा दिवस गेला.

आता दुसरी कसोटी, आणि हिच्यावर बेत सगळ्यात जास्त फसतात. बरोबरचा माणूस मासे पकडत नसेल तर त्यानं दिवसभर काय करायचं? आमच्या हिला माशात रस नाही, खाण्यापुरताही नाही. पहिल्या वर्षी मी तिला नदीकाठी खुर्ची टाकून दिली आणि स्वतःवर खूश झालो. तिसऱ्या दिवशी तिनं एकटीनं गाडी ठरवली आणि चैहणी कोठी बघून आली. दगड आणि लाकूड यांचे थर एकावर एक रचून उभारलेला तो जुना मनोरा. त्याच्याबद्दल ती आजही माझ्या सगळ्या माशांपेक्षा जास्त वेळ बोलते. पुढच्या वेळी जलोडी खिंड, तिथून सरेउलसर तळ्यापर्यंतची वाट. माझ्या गळाच्या काठीचा खर्च निघाला तो तिच्या या भटकंतीमुळे.

हिमाचलातल्या बाकीच्या नद्यांपैकी किन्नौरमधली बास्पा देखणी, पण तिच्या काठचं सांगला अडीच हजार मीटरच्या वर आहे आणि रस्ता असा की रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच निघावं. बरोटची उहल नदी सोपी, गाव छोटं. १९३०च्या दशकातल्या शानन वीजघरासाठी तिथून पाणी बोगद्यातून पलीकडे नेलं आहे. मी एक अख्खा दिवस मासे सोडून तेच बघत बसलो. रोहडूची पब्बर नदी मला पावली नाही. दोन दिवसांत एकही मासा नाही. दोष नदीचा नसावा.

काश्मीरबद्दल विचारतातच. भारतातल्या ट्राउटची गोष्ट तिथूनच सुरू होते. हा मासा आपला नव्हे. १८९९मध्ये विलायतेहून बोटीनं अंडी निघाली ती वाटेतच मेली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न झाला आणि स्कॉटलंडची अंडी तगली. फ्रँक मिचेल नावाचा, श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारा माणूस त्यामागे होता. पुढे १९०९च्या सुमारास हॉवेल नावाच्या अधिकाऱ्यानं कुल्लू भागात ट्राउट नेला. तीर्थनमध्ये माझ्या गळाला लागतो तो या पाहुण्यांचाच पणतू-खापरपणतू. तिथल्या मूळच्या माशांना या पाहुण्यानं जागा करून दिली असं नाही, घेतली. हे मनात ठेवून मी जातो. आपल्या महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेले महसीर पाहिलेत का? त्यांना कुरमुरे घालताना मला गळाची आठवणसुद्धा नको वाटते.

तर काश्मीर. लिद्दर नदी तुकड्यांत वाटलेली आहे, प्रत्येक तुकड्याला 'बीट' म्हणतात आणि परवाना त्या तुकड्यापुरता, त्या दिवसापुरता. ही पद्धत मला आवडते. शेजारी कुणी येऊन तुमच्या डोहात दगड टाकल्यासारखा गळ टाकत नाही. पहलगामच्या खालचं पाणी म्हणजे ट्राउटसाठीच घडवल्यासारखं. एप्रिल २०२५च्या हल्ल्यानंतर मात्र लिद्दरचं नाव काढलं की आमच्या घरात कुणी बोलत नाही, आणि मीही विषय वाढवलेला नाही.

परदेशात मुलं असतील तर वेगळाच हिशोब. मुलगी डेन्व्हरला असल्यामुळे साउथ प्लॅट नदी माझ्या वाट्याला आली. तिथं माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ट्राउटला थंड पाणी लागतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, कारण कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणून तर आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत ट्राउट नाही. आणि पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशांना, म्हणून खोल जलाशयाच्या तळाशी थंडगार पाणी साठून राहतं. धरणाचं दार तळाशी असेल तर भर उन्हाळ्यात खालच्या नदीत फ्रिजमधलं पाणी सोडल्यासारखं होतं. न्यू मेक्सिकोतली सॅन हुआन, मोंटानातली बिगहॉर्न या नावाजलेल्या ट्राउट नद्या मोठ्या धरणांच्या पायथ्याशीच आहेत. साउथ प्लॅटवरचं चीझमन धरण १९०५चं. ते दगडी बांधकाम पाहून मी जावयाला तासभर पिळला. खालचं पाणी इतकं नितळ की मासे तुम्हाला आधी बघतात. किडा लागतो तिळाएवढा. तो दोऱ्यात ओवायला मला चष्मा, त्यावर भिंग आणि शेवटी नात लागली. चार दिवसांत दोन मासे. तरी गुडघ्यांना तो काठ मानवतो. धरणापासून थोडं खाली गेलं की रस्ता नदीला लागून आहे आणि गाडीपासून पाण्यापर्यंत शंभर पावलं.

न्यूझीलंड अजून व्हायचं आहे. तिथं हंगाम आपल्या थंडीत, ट्राउट विकायला बंदी, आणि नदीत लोकरी तळव्याचे बूट चालत नाहीत, कारण त्यातून एका नदीतलं शेवाळ दुसरीत जातं. अशी काळजी घेणाऱ्या देशात जावंसं वाटतं. पण तिकिटाचा आकडा पाहिला की मला तीर्थनची थंडी आठवते.

आता तुमच्या यादीबद्दल. "दरवर्षी नवीन जागा" हा बेत मी दोन वर्षं केला आणि सोडला. नवीन नदीवर पहिले दोन दिवस वाट शोधण्यात जातात, तिसऱ्या दिवशी पाऊस, चौथ्या दिवशी परतीची गाडी. तीर्थनवर आता मला ठाऊक आहे की देवदाराच्या ओंडक्यामागचा मासा सकाळी दहाच्या आत उठत नाही. एवढी ओळख व्हायला पाच ऑक्टोबर गेले.

म्हणून दवाखान्यातल्या त्या गृहस्थांना मी शेवटी एकच सांगितलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, चंदीगडपर्यंत रेल्वे, पुढे गाडी, नागिनी. नऊ फुटी, पाच नंबरच्या (म्हणजे मध्यम वजनाच्या) दोरीची काठी पुरे, बाकीचं तिथं माझं वापरा. बायकोला नक्की आणा, हिला जलोडीला सोबत होईल. नदी लांबच लांब आहे, हवं तिथं उभे राहा. तो सपाट खडक तेवढा माझा.