जॉन्स लेन: डब्लिनमधील एका बंद डिस्टिलरीच्या आवारात

डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवर नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट अँड डिझाइन आहे. त्याच्या आवारात तांब्याची तीन अजस्र पात्रे आभाळाखाली उघडी उभी आहेत. खाली फुगीर पोट, वर निमुळती होत गेलेली मान, आणि तांब्यावर पावसापाण्याने चढलेली हिरवट-तपकिरी कळा. कला महाविद्यालयाचे आवार असल्याने ही कोणाची तरी शिल्पे असावीत, असे नवख्याला सहज वाटेल. पण ही 'जॉन पॉवर अँड सन' या कंपनीची पॉट स्टिल्स, म्हणजे व्हिस्की गाळण्याची पात्रे आहेत, आणि जॉन्स लेन डिस्टिलरी १९७६ साली बंद होईपर्यंत ती तापत होती. डब्लिनला येणारे बहुतेक पर्यटक गिनेसच्या बिअर कारखान्याकडे वळतात. तो येथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मात्र माझे पाय मुद्दाम या आवाराकडे वळले होते.

थॉमस स्ट्रीटवर खानावळ चालवणाऱ्या जेम्स पॉवर यांनी १७९१ साली हा धंदा सुरू केला. पहिल्या वर्षीचे उत्पादन होते सुमारे ६,००० गॅलन, म्हणजे जेमतेम २७,००० लिटर. १८२३ साली मद्यनिर्मितीचे कायदे सुधारले आणि कंपनीने मोठी झेप घेतली. १८७१ पर्यंत सगळी डिस्टिलरी नव्याने बांधून झाली आणि १८८०च्या दशकात वर्षाला सुमारे ९ लाख गॅलन, म्हणजे ४१ लाख लिटर व्हिस्की येथे तयार होत होती. तेव्हा शहराच्या मध्यभागी सहा एकरांहून अधिक जागेवर हा पसारा होता आणि सुमारे ३०० माणसे येथे कामाला होती. महाविद्यालयाने वापरात ठेवलेल्या जुन्या धान्यकोठाराच्या भिंतींची उंची पाहिली, की हे आकडे कागदावरचे राहत नाहीत.

पॉट स्टिलपाशी मी बराच वेळ थांबलो, कारण या डिस्टिलरीचा उत्कर्ष आणि अस्त दोन्ही त्या पात्रांच्या घडणीत आहेत. मोड आणून वाळवलेल्या जवावर, म्हणजे माल्टवर, अठराव्या शतकात कर बसला, तेव्हा आयरिश उत्पादकांनी त्यात मोड न आणलेले जव मिसळण्यास सुरुवात केली. त्या मिश्रणाचे एका घाणीमागून दुसरी घाणी असे तीन वेळा ऊर्ध्वपातन करायचे. प्रत्येक घाणीनंतर पात्र रिकामे करून पुन्हा भरायचे. हे काम संथ आणि खर्चिक असते, पण त्यातून उतरणारी व्हिस्की दाट आणि मसालेदार चवीची असते.

१८३० साली इनिअस कॉफी यांनी अखंड चालणाऱ्या स्टिलचे पेटंट घेतले. हे गृहस्थ आयर्लंडच्या अबकारी खात्यातील माजी वरिष्ठ अधिकारी होते. त्यांच्या यंत्रातून स्वस्त आणि सौम्य मद्य न थांबता मिळत असे. स्कॉटलंडच्या व्यापाऱ्यांनी ते उचलून मिश्र व्हिस्कीची बाजारपेठ उभी केली, तर पॉवर, जेमसन नावाच्या दोन कंपन्या आणि जॉर्ज रो या डब्लिनच्या चार बड्या व्हिस्की कंपन्यांनी त्या मद्याला व्हिस्की म्हणण्यासच विरोध केला. अखेर १९०९ मध्ये ब्रिटनच्या शाही आयोगाने दोन्ही प्रकारांना व्हिस्की मानले. माझ्या मते चवीच्या बाबतीत डब्लिनकरांचेच बरोबर होते. व्यापाराच्या बाबतीत मात्र तो हट्ट त्यांना फार महागात पडला. त्यानंतर अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती आणि १९३० च्या दशकात ब्रिटनशी व्यापारयुद्ध पेटले. परदेशातील गिऱ्हाईक एकदा तुटले ते तुटलेच. ज्या डिस्टिलरीने कॉफी स्टिलला इतका विरोध केला होता, तिनेच १९६१ साली आपल्या आवारात ते बसवले, हे समजल्यावर मला मनापासून वाईट वाटले.

१९६६ साली पॉवर, जेमसन आणि कॉर्क डिस्टिलरीज एकत्र येऊन 'आयरिश डिस्टिलर्स' ही कंपनी स्थापन झाली. कॉर्क परगण्यातील मिडलटन येथे १९७५ मध्ये नवी डिस्टिलरी सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी जॉन्स लेनची भट्टी विझली. बरेचसे बांधकाम पाडले गेले आणि १९८० मध्ये उरलेल्या वास्तूंत कला महाविद्यालय आले.

आवारातून बाहेर पडून पश्चिमेला चालत गेले की सेंट पॅट्रिक्स टॉवर दिसतो. निळसर घुमटाचा हा पवनचक्कीचा मनोरा जॉर्ज रो यांच्या डिस्टिलरीचा. पॉवरपेक्षाही मोठी असलेली ती डिस्टिलरी १९२०च्या दशकातच बंद पडली. या साऱ्या वस्तीला लिबर्टीज म्हणतात. जून १८७५ मध्ये येथील एका गोदामाला आग लागून व्हिस्कीची हजारो पिंपे फुटली आणि जळती दारू रस्त्यांवरून वाहिली. त्यात तेरा माणसे दगावली, ती आगीने नव्हे, तर वाहती दारू पिऊन. दारिद्र्याने गांजलेल्या या वस्तीतील माणसे त्या ओहोळाकडे का धावली असतील, हे समजणे अवघड नाही.

लिबर्टीजमध्ये २०१५ साली टीलिंगची नवी डिस्टिलरी सुरू झाली आणि तिच्यामागून आणखी काही आल्या. पॉवरची व्हिस्की आता मिडलटनमध्येच तयार होते. तिचा एक पॉट स्टिल प्रकार २०११ पासून 'जॉन्स लेन' याच नावाने विकला जातो. नव्या डिस्टिलऱ्यांमध्ये तिकीट काढून माहितीपूर्ण फेरी घेता येते आणि ती जरूर घ्यावी. पण त्याआधी थॉमस स्ट्रीटवरील ही तीन पात्रे पाहावीत, म्हणजे तेथे सांगितला जाणारा इतिहास नेमका कोणाचा, ते कळते.