४६ पोत्यांची हमाली

शाळेच्या स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं पत्र आलं. आठवणी बाकीचे लिहितीलच. छडी, स्नेहसंमेलन, गणिताचे सर यांच्यावर पानं कमी पडतील इतकं साहित्य जमणार, यात शंका नाही. म्हणून मी एका खेळाविषयी लिहितो. शनिवारची अर्धी शाळा सुटल्यावर आपल्या वाचनालयात चार मुलं, दोन फासे आणि एक वही एवढ्यावर तो चालू शकतो, आणि आपलं लातूर त्याला अगदी चपखल बसतं.

खेळाचं नाव 'मर्सिनरीज, स्पाईज अँड प्रायव्हेट आईज'. अमेरिकेत ॲरिझोनातल्या फ्लाइंग बफेलो या छोट्या कंपनीने तो १९८३ मध्ये काढला. लेखक मायकेल स्टॅकपोल. पट नाही, सोंगट्या नाहीत. एक जण गेम मास्टर होतो, म्हणजे प्रसंग सांगतो आणि बाकीच्या जगाच्या वतीने बोलतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात, 'मी आता हे करतो' असं सांगतात, आणि जिथे जमेल की नाही याची शंका असेल तिथे फासे पडतात. राक्षस, जादू, तलवारी असले खेळ त्या काळी उदंड होते. या खेळात मात्र आजचंच जग, टेलिफोन, मोटार, पिस्तूल, वकील. मला त्याचा मोठेपणा इथेच दिसतो. जग समजावून सांगण्यात वेळ जात नाही. एसटी स्टँड कसा असतो, हे कुठल्या खेळाडूला सांगावं लागतं?

दुसरी सोय फाशांची. त्याच सुमारास निघालेल्या काही हेरखेळांना दहा बाजूंचे फासे लागायचे, ते आपल्याकडे कुठून आणणार? याला साधे सहा बाजूंचे चालतात. लुडोच्या डब्यातला एक घ्या, शेजाऱ्याच्या डब्यातला दुसरा.

पात्र तयार करायला फार वेळ लागत नाही. ताकद, बुद्धी, नशीब, तग, हातचलाखी, छाप आणि वेग असे सात गुण. प्रत्येकासाठी तीन फासे टाकून बेरीज लिहायची, ती साधारण १० ते ११ येते. मग बुद्धीचा आकडा जितका, तितके गुण कौशल्यांवर खर्च करायचे. कुलूप उघडणं, मोटार चालवणं, हिशोब वाचणं, वेषांतर. काही कौशल्यांना किमान बुद्धी ठरलेली असते, त्यामुळे धिप्पाड पण मठ्ठ पात्राला बाँब निकामी करता येत नाही. मुलं इथे एक हमखास चूक करतात. सगळे गुण बंदुकीवर घालतात आणि पुढे दोन तास बंदुकीचं काम पडत नाही.

खेळाचं इंजिन म्हणजे सेव्हिंग रोल. दोन फासे टाकायचे, त्यात संबंधित गुण आणि कौशल्याची पातळी मिळवायची. पहिल्या पातळीच्या कामाला २० लागतात, दुसऱ्या पातळीला २५, तिसऱ्या पातळीला ३०. जोडी पडली, म्हणजे दोन्ही फाशांवर तोच आकडा आला, की पुन्हा टाकायचे आणि बेरीज वाढवत न्यायची. समजा हातचलाखी १२ आहे आणि ३-३ पडले. झाले १८. पुन्हा टाकले, ४ आणि ५ आले. एकूण २७, म्हणजे दुसरी पातळीही पार. अशा वेळी खोलीत जो गलका होतो, तो ऐकून ग्रंथपाल बाई हाकलून देणार नाहीत, एवढीच प्रार्थना.

हे गणित गेम मास्टरने नीट ध्यानात ठेवावं, कारण सगळ्यात जास्त खेळ इथे बिघडतात. गुण १२ असलेल्या पात्राला पहिल्या पातळीवर फाशांवर ८ हवेत. जोड्यांचा हिशोब धरून शक्यता जवळपास निम्मी. दुसऱ्या पातळीला १३ हवेत, आणि ते जोडी पडल्याशिवाय होतच नाहीत. शक्यता एकदम शेकडा ११ वर येते. पातळी एकाने वाढवली म्हणजे काम 'थोडं अवघड' केलं, असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात त्याने दार बंद करून कडी लावलेली असते. त्यात तीन पातळ्यांचं कौशल्य असेल तर तीच शक्यता पंचवीसच्या आसपास जाते, म्हणून कौशल्यं महत्त्वाची. रोजचं काम पहिल्या पातळीवरच ठेवावं, दुसरी जपून वापरावी.

मारामारी थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच असावी. हातघाईत दोन्ही बाजू फासे टाकतात आणि बेरजेतला फरक हरणाऱ्याच्या अंगावर जातो. तो त्याच्या 'तग' या गुणातून वजा होतो. बंदुकीला हातचलाखीचा रोल, अंतर वाढेल तशी पातळी वर. चार फाशांची इजा झाली तर सरासरी १४. तग ११ असेल तर माणूस खलास. दोनदा असं झालं की खेळाडू आपोआप बोलून काम काढायला शिकतात.

आता मोंढा, म्हणजे आपली धान्याची बाजारपेठ, आणि तिथे खेळायचं एक प्रकरण. साल १९७० धरा. मुद्दाम जुनं साल, कारण मोबाईल आला की निम्मी प्रकरणं पाच मिनिटांत मिटतात. त्या वेळी लातूरहून कुर्डुवाडीला बार्शी लाइट या रेल्वेची अरुंद रुळांवरची गाडी होती, आणि कुर्डुवाडीला छोट्या डब्यातला माल उतरवून मोठ्या रुळांवरच्या डब्यात भरावा लागे. प्रकरण रचणाऱ्याला अशी जागा म्हणजे घबाड. माल तिथे उघड्यावर येतो, दोन टोळ्यांच्या हाताखालून जातो आणि कोणीच पूर्ण जबाबदार नसतो.

लातूरच्या एका आडत्याने प्रत्येकी एक क्विंटलची ४० पोती तूर मुंबईला पाठवली. पोती पोचली बरोबर ४०. वजन भरलं ३४ क्विंटल. आडत्या खेळाडूंना बोलावतो. इथे प्रत्येक टेबलावर एक पोरगं विचारतंच, 'पोलिसांत का जात नाही?' उत्तर तयार नसेल तर प्रकरण तिथेच कोसळतं. आपलं उत्तर सरळ आहे. बोभाटा झाला तर मोंढ्यात पत जाईल, आणि पत गेली की उद्या शेतकरी माल दुसऱ्याच्या आडतीवर घालणार.

खरं घडलं ते असं: कुर्डुवाडीच्या गोदामात प्रत्येक पोत्यातून १५ किलो काढले गेले. ४० गुणिले १५ म्हणजे ६ क्विंटल, म्हणजे नवी ६ पोती. हे सत्य आधी कागदावर लिहून ठेवायचं आणि खेळ सुरू झाल्यावर बदलायचं नाही. मग त्याच सत्याकडे नेणारे तीन वेगवेगळे दुवे पेरायचे. एक डोळ्यांना दिसणारा: पोत्यांच्या तोंडाची शिलाई. लातूरला दुहेरी सुतळीने शिवलेली पोती मुंबईत एकेरी सुतळीची निघतात. दुसरा बोलण्यातून येणारा: हमालांच्या मुकादमाने त्या रात्री हमाली ४६ पोत्यांची घेतली. तिसरा कागदावरचा: बारदानवाल्याच्या खतावणीत ६ रिकाम्या गोण्या उधारीवर गेल्याची नोंद. दुवा एकच ठेवला आणि तो खेळाडूंच्या नजरेतून सुटला, तर पुढचे दोन तास सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. तीन असले की एक तरी लागतो.

त्याहून महत्त्वाचं, दुवा मिळणं फाशांवर सोडू नका. गुप्तहेरी खेळातली ही सगळ्यात जुनी खोड आहे. रोल फसला, दुवा मिळाला नाही, गाडी रुतली. दुवा मिळूच द्या, फाशांनी त्याची किंमत ठरवा. खेळाडू मुकादमाकडे जातो, 'रामराम मामा' म्हणतो, चहा सांगतो, मग हळूच विषय काढतो. 'छाप' या गुणावर पहिल्या पातळीचा रोल. जमला तर मामा वही दाखवतो आणि गप्प बसतो. फसला तरी वही दाखवतोच, पण संध्याकाळपर्यंत गोदामाच्या कारकुनाला कळतं की लातूरहून माणसं चौकशीला आली आहेत. त्या रात्री ६ पोती हलवली जाणार. आता खेळाडूंना घाई करावीच लागते, आणि मारामारी-पाठलागाची बाजू बाहेरून चिकटवल्यासारखी न वाटता प्रकरणातूनच उगवते. यार्डात अंधार, सुटणारी छोटी गाडी, शेवटच्या डब्याची कडी पकडायला वेगावर एक रोल. रखवालदाराकडे बाराबोअर एकच असू द्या. मूळ पुस्तकातली शस्त्रांची यादी इथे मिटूनच ठेवावी.

मजा अशी की घरचं ज्ञान इथे हत्यार होतं. कोणीतरी म्हणेल, तूर वाळली असेल, घट आली असेल. लगेच ज्याच्या घरी शेती आहे तो सांगेल की शेकडा १५ घट वाळून येत नसते, काही तरी काळंबेरं आहे. असा मुद्दा टेबलावर आला की गेम मास्टरने रोल मागू नये, मान्य करून पुढे जावं. न्यूयॉर्कमधल्या गुप्तहेराचा खेळ मांडला असता तर हे पोरगं गप्प बसलं असतं.

बाकी बारीकसारीक. खेळाडू तीन किंवा चार, पाचव्याला बोलायला मिळत नाही. बेत आखण्यात तास जातो, तेव्हा घड्याळ समोर ठेवून दहा मिनिटं द्यावीत. टोळी दोन ठिकाणी विभागली तर दर पाच मिनिटांनी बाजू बदलावी, नाहीतर अर्धे जण गोट्या खेळायला जातात. इंग्रजी पुस्तकाचा धाक मुलांनी बाळगू नये, वर लिहिलेल्या नियमांवर पहिली बैठक आरामात होते.

संगणकावर खेळणाऱ्यांसाठी एक माहिती. १९८८ मध्ये 'वेस्टलँड' नावाचा संगणक-खेळ आला. स्टॅकपोल त्याच्या रचनाकारांपैकी एक होते आणि त्यातली कौशल्यांची पद्धत याच पुस्तकावरून घेतलेली आहे. १९९७ चा 'फॉलआउट' त्याचाच वारसदार. तेव्हा जे आज मोबाईलवर तासन्‌तास बोटं झिजवतात, त्यांच्या काही खेळांचं मूळ कुठे तरी या दोन फाशांपाशी आहे.

मुकादमाची वही, बारदानवाल्याची खतावणी आणि मालाची बिल्टी हाताने लिहून, चहात भिजवून जुनी करून वाचनालयात ठेवायला दिली आहेत. सोबत दोन फासे. कारकुनाला आतून साथ देणारा कोण, ते बंद पाकिटात आहे. पाकीट ग्रंथपाल बाईंकडे आहे, गेम मास्टर होणाऱ्याने सही करून घ्यावं.