पेन ड्राइव्हची वारी बंद

आमच्या घरी नेटवर्क म्हणजे मी स्वतः होतो. आतल्या खोलीतल्या डेस्कटॉपवरून पेन ड्राइव्ह काढायचा आणि हॉलमधल्या लॅपटॉपला लावायचा. बाबांचे १८० जीबी फोटो हलवायची वेळ आली तेव्हा मात्र हात टेकले.

दोन्ही यंत्रं थेट लॅन केबलने जोडली. पूर्वी यासाठी वेगळी क्रॉसओव्हर केबल (आतल्या तारा एका टोकाला अदलाबदल करून जोडलेली) लागायची, आताची नेटवर्क कार्डं ते आपलं आपण सांभाळतात. पण यंत्रांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे ओळख-आकडे) वाटायला मध्ये राउटर नाही, म्हणून दोघांनी स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारे पत्ते घेतले. ते बदलून मी हातानेच दिले: डेस्कटॉपला १९२.१६८.१०.१, लॅपटॉपला १९२.१६८.१०.२, सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग दोघांचा सारखा, ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, रिकामा. तिसरा आकडा मुद्दाम वेगळा, १० घेतला, कारण वायफाय १९२.१६८.१ वर आहे आणि दोन्हीकडे एकाच गटातले पत्ते असले की विंडोजचा गोंधळ उडतो.

पिंग केलं, म्हणजे एका यंत्रावरून दुसऱ्याला हाक मारली, तर उत्तर नाही. अर्धा तास केबलला शिव्या घातल्या. दोष फायरवॉलचा, म्हणजे बाहेरून येणारं अडवणाऱ्या राखणदाराचा! विंडोजने हे नेटवर्क 'पब्लिक' धरलं होतं. 'प्रायव्हेट' केलं, फाइल शेअरिंग चालू केलं आणि फोल्डर दिसला.

वेग मात्र सेकंदाला ११ एमबी. म्हणजे १०० एमबीपीएसवरच (सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) अडकलं होतं. गिगाबिटला, म्हणजे त्याच्या दहापट वेगाला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, आणि माझी केबल दाराच्या फटीत चेपलेली. शेजाऱ्यांकडून दुसरी आणली, आकडा थेट शंभरीपार.

आई म्हणाली, "आता ती वायर पायात येतेय, तिचं काय?"