पुरात भिजलेली बटणं

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी जुन्या बाजारात एका पथारीवर मूठभर बटणं मिळाली. कुलपं आणि पितळी तोट्यांच्या ढिगाखाली पिशवीत पडली होती. पन्नास रुपयांना दिली. घरी येऊन एकेक बटण अंगठ्याने घासत बसले. अंगठा चांगला गरम होईपर्यंत घासायचं आणि लगेच नाकाशी धरायचं. तिसऱ्या बटणाला कापराचा वास आला! म्हणजे सेल्युलॉइड, एक जुनं प्लास्टिक. अमेरिकेत हायट नावाच्या संशोधकाने १८७०च्या सुमारास ते केलं तेच मुळी कापूर घालून. इतक्या वर्षांनीही तो वास अंगठ्याच्या उबेने जागा होतो, याचं मला दरवेळी नवल वाटतं. एका तपकिरी बटणाला कार्बोलिक साबणासारखा वास आला, ते बेकेलाइट, दुसरं एक जुनं प्लास्टिक. काहीजण तापलेली सुई टोचून पाहतात. मी कधीच टोचत नाही. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

हा नाद लागला आजीच्या डब्यामुळे. ती शिवणकाम करायची. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा शनिवार पेठेतलं तिचं घर पाण्यात गेलं. मशीन गेलं, गाळात हा पत्र्याचा डबा तेवढा सापडला. तिने सगळ्या गुंड्या धुऊन उन्हात वाळत घातल्या. "बाकीच्या जशाच्या तशा राहिल्या गं, या पांढऱ्या तेवढ्या तडकल्या. माझंच चुकलं, ऊन जास्त झालं," असं ती शेवटपर्यंत म्हणायची.

त्यातलं एक आत्ता समोर आहे. कोटाचं, सायीच्या रंगाचं, चार भोकांचं. एका भोकापासून कडेपर्यंत चीर गेलीय आणि तिच्यात गाळाची तपकिरी रेघ अजून आहे. हे बटण दुधाचं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन फॉर्मल्डिहाइड या रसायनाने घट्ट करायची युक्ती १८९७च्या सुमारास जर्मनीत निघाली. गॅलालिथ हे त्याचं नाव, म्हणजे दुधाचा दगड. पण हा दगड पाणी पितो. भिजला की फुगतो, वाळताना वाकतो, तडकतो. डबा एवढा वेळ पाण्यात होता, त्यात आजीची काय चूक? हे मला कळलं तेव्हा सांगायला ती नव्हती.

सेल्युलॉइडची बटणं मी वेगळ्या कागदी पाकिटात ठेवते. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं. माझी चार पितळी बटणं त्याने हिरवी पडली, तेव्हापासूनची ही शिस्त.

आजच्या पिशवीत तळाशी एक सायीच्या रंगाचं निघालं. आजीच्यापेक्षा जरा लहान, पण चार भोकं तशीच, मागे कातकामाच्या बारीक गोल रेघा. कुठे चीर नाही. दोन्ही शेजारी ठेवून बराच वेळ बघत होते. पुराच्या आधी तिची अशी दिसत असणार.

धूळ होती, पण धुतलं नाही. कोरड्या सुती फडक्याने पुसलं.